फर्ग्युसन, २४ नोव्हेंबर २०१४

तुम्ही साउथ फ्लोरिसंट रोडवर उभे आहात. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, सेंट लुइसजवळ असलेलं फर्ग्युसन हे एकवीसेक हजार वस्तीचं गाव. सोमवारची रात्र आहे, आठ वाजून गेलेत आणि थंडी कपड्यांतून आत शिरतेय. समोर पोलीस ठाणं, त्याच्यापुढे हेल्मेट घालून ढाली धरलेल्या पोलिसांची रांग. रस्त्यावर नाताळची रोषणाई लागली आहे आणि दुकानांच्या काचांवर प्लायवूड ठोकलंय. गव्हर्नर जे निक्सन यांनी आठवडाभर आधीच आणीबाणी जाहीर करून नॅशनल गार्ड तयार ठेवलाय. ग्रँड ज्युरीने काय ठरवलं हे अजून कुणी सांगितलेलं नाही, पण या तयारीवरून गर्दीने ते ओळखलंय.

एका गाडीची दारं उघडी आहेत, रेडिओ मोठा केलाय. तुम्ही त्या घोळक्यात शिरा. आवाज येतोय क्लेटनच्या न्यायालयातून, सेंट लुइस काउंटीचे निवडून आलेले सरकारी वकील रॉबर्ट मॅक्युलक यांचा. ते भौतिक पुराव्यांबद्दल बोलतात, साक्षीदारांनी बदललेल्या जबान्यांबद्दल बोलतात, वृत्तवाहिन्या आणि समाजमाध्यमांनी तपासात किती अडथळे आणले ते सांगतात. मिनिटांमागून मिनिटं जातात. तुमच्या शेजारची माणसं मान खाली घालून ऐकतायत. अखेर तो शब्द येतो: मायकेल ब्राउनला गोळ्या घालणारा पोलीस अधिकारी डॅरन विल्सन याच्यावर खटला भरण्याइतकं कारण ज्युरीला दिसलं नाही.

लगेच कुणी ओरडत नाही. एका गाडीवर मायकेल ब्राउनची आई, लेस्ली मॅकस्पॅडन, उभी आहे. सगळे मला शांत राहायला सांगतात, पण माझ्या लेकाला त्या गोळ्या कशा लागल्या हे ठाऊक आहे का तुम्हाला, असं ती विचारते आणि कोसळते. तिचा नवरा तिला कवेत घेतो, मग गर्दीकडे वळून सगळं जाळून टाका असं ओरडतो. या शब्दांबद्दल तो पुढे माफी मागेल. ब्राउन कुटुंबाने आधी मागणी केली होती ती साडेचार मिनिटांच्या शांततेची.

साडेचारच का, ते समजायला साडेतीन महिने मागे चला. ९ ऑगस्टची दुपार, कॅनफील्ड ड्राइव्ह. अठरा वर्षांच्या, हाती शस्त्र नसलेल्या मायकेलचं प्रेत रस्त्यावर पडलंय आणि चार तासांहून अधिक वेळ ते तिथेच राहणार आहे, ऑगस्टच्या उन्हात; कुटुंबाच्या लेखी साडेचार तास, म्हणून साडेचार मिनिटं. पोलिसांच्या पट्टीपलीकडे शेजारपाजारचे लोक उभे आहेत, त्यांत लहान मुलंही आहेत. नोव्हेंबरच्या त्या रात्रीच्या रागाचं मूळ शोधायचं तर मी इथेच शोधेन. गोळीबार कसा झाला यावर साक्षीदारांत मतभेद झाले. प्रेत तसंच पडून होतं यावर कुणाचाच झाला नाही.

आता सप्टेंबर, पुन्हा क्लेटन. बंद दाराच्या खोलीत बारा नागरिक बसलेत, नऊ गोरे, तीन काळे. ज्युरी म्हटलं की आपल्याला १९५९चा नानावटी खटला आठवतो: भरलेलं न्यायालय, उलटतपासणी, दारात लोटलेली मुंबई. ग्रँड ज्युरी तशी नसते. दोषी की निर्दोष हे ती ठरवतच नाही. खटला उभा राहावा का, एवढंच ठरवते. इथे त्यासाठी बारांपैकी नऊ मतं लागतात. खोलीत न्यायाधीश नाही, मृताच्या बाजूने बोलणारा वकील नाही. एरवी सरकारी वकील निवडक पुरावा मांडतो, अमुक आरोप ठेवा असं सुचवतो आणि ज्युरी बहुधा मान डोलावते. मॅक्युलकनी मात्र काहीच न सुचवता सगळा पुरावा समोर ओतला: ६० साक्षीदार, २५ दिवस, ७० तासांहून अधिक जबान्या. विल्सन स्वतः सुमारे चार तास बोलतो आणि त्याला कुणी फारसं अडवत नाही. पळणाऱ्या संशयितावर पोलिसाने कधी गोळी झाडावी, यासाठी ज्युरीला दिलेला राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली घटनाबाह्य ठरवलेल्या प्रकारातला आहे. चूक सुधारली जाईल, पण नोव्हेंबर उजाडल्यावर.

परत त्या रात्रीत या. अश्रुधूर, फुटणाऱ्या काचा, पेटलेली पोलीस गाडी. व्हाइट हाउसमधून बराक ओबामा शांततेचं आवाहन करतायत आणि टीव्हीच्या पडद्यावर अर्ध्या भागात ते, अर्ध्यात फर्ग्युसनचा धूर. बारा-एक इमारती जळतील. त्यातली दुकानं इथल्याच माणसांची आहेत आणि त्या नुकसानीला मी तरी न्यायाचं नाव देणार नाही. पण तुम्ही या रस्त्यावर उभे आहात म्हणून हेही पाहा, की बहुतेक लोकांच्या हातात फक्त फलक आहेत. त्यांनी फाशी मागितली नव्हती. मागितला होता खटला, उघड्या न्यायालयातला, जिथे विल्सनला प्रश्न विचारले जातील आणि ते सर्वांना ऐकू येतील.

सकाळी शाळा बंद असतील, पण गावातलं छोटं सार्वजनिक वाचनालय उघडं राहील आणि देशभरातून त्याला देणग्या येतील. शंभराहून अधिक शहरांत मोर्चे निघतील. ३ डिसेंबरला न्यू यॉर्कमध्ये, पोलिसाने गळा आवळल्यावर मेलेल्या एरिक गार्नरच्या प्रकरणातही ग्रँड ज्युरी खटला नाकारेल आणि माणसं पुन्हा रस्त्यावर येतील.

मार्च २०१५मध्ये केंद्रीय न्याय विभागाचे दोन अहवाल एकाच दिवशी हाती पडतील. दोन्ही वाचा. मायकेल हात वर करून उभा होता या जबान्यांना पुरावा दुजोरा देत नाही, म्हणून विल्सनवर केंद्राचाही खटला नाही, असं पहिला म्हणतो. मोर्चांत हात वर करून चाललेल्यांना हे वाचणं जड गेलं असेल, तरी ते वाचायलाच हवं. दुसरा सांगतो, गावात काळे ६७ टक्के, अटक झालेल्यांत ९३ टक्के, आणि दंडाच्या पैशांवर गावाची तिजोरी चालवण्यासाठी पोलीस वापरले जात होते. पहिल्या अहवालाने एका गोळीबारापुरतं उत्तर दिलं. लोक मात्र दुसऱ्यात लिहिलेलं आयुष्य जगत होते, म्हणून ऑगस्टमध्ये त्यांना मायकेलने हात वर केले होते या पहिल्याच बातमीवर विश्वास ठेवायला वेळ लागला नाही.

२०१८मध्ये मतदार मॅक्युलकना हरवतील. त्यांच्या जागी आलेले वेस्ली बेल, काळे आणि फर्ग्युसनचे माजी नगरसेवक, प्रकरण पुन्हा तपासतील आणि जुलै २०२०मध्ये सांगतील की खटला भरता येत नाही, पण याचा अर्थ विल्सन निर्दोष ठरला असाही नाही. ब्राउन कुटुंबाचा दिवाणी दावा त्याआधीच, २०१७मध्ये, १५ लाख डॉलरवर मिटलेला असेल, सुनावणीला उभा न राहता. कॅनफील्ड ड्राइव्हवर काय घडलं याबद्दल विल्सनची भरल्या न्यायालयात उलटतपासणी झाली नाही, फौजदारीत नाही आणि दिवाणीतही नाही.