खिरोदा प्रकल्प

जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील खिरोदा येथे १९७०च्या दशकात राबवलेला विज्ञानशिक्षणाचा प्रकल्प. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. त्याचे संस्थापक संचालक वि. गो. कुलकर्णी. ग्रामीण शाळांतील विज्ञानशिक्षण सुधारण्याच्या केंद्राच्या सुरुवातीच्या कामांपैकी खिरोदा प्रकल्प हे एक. धनाजी नाना चौधरी यांच्या शैक्षणिक कार्यामुळे खिरोद्याचे नाव आधीच झाले होते.

मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने पुस्तक आणि परीक्षा दोन्ही बदलली. खिरोद्यात भर होता तो चालू अभ्यासक्रमातच शिक्षकाच्या हाती स्वस्त प्रयोग देण्यावर. हा मार्ग कमी धाडसी, पण सरकारी चौकटीत टिकायला सोपा.

स्वस्त प्रयोगांत सामानापेक्षा विवेचन अवघड. पाण्यात उभ्या केलेल्या जळत्या मेणबत्तीवर पेला पालथा घातला की ज्योत विझते व आत पाणी चढते. ‘ऑक्सिजन संपला, म्हणून त्याची जागा पाण्याने घेतली’ हे ठरलेले उत्तर चुकीचे आहे. ज्वलनात कार्बन डायऑक्साइड व वाफही तयार होतात. पाणी चढते ते मुख्यतः तापलेली हवा थंड होऊन आकुंचन पावल्याने. ज्योत मंदावल्यावरच ते झपाट्याने वर येते, हे सहावीतल्या मुलालाही दिसते. फक्त त्याला बघू द्यावे लागते.

स्वस्त सामानाच्या दुसऱ्या टोकाला, २०१६ पासून केंद्र शासनाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा शाळांत सहावी ते बारावीसाठी आल्या. त्यांत त्रिमितीय मुद्रक व संवेदक असतात.