सुरक्षित लैंगिक व्यवहार, तरुण विद्यार्थ्यांतील

अनपेक्षित गर्भधारणा आणि एचआयव्ही, उपदंश, परमा इत्यादी संसर्ग टळावेत म्हणून परस्परसंमतीने व योग्य साधनांनिशी केलेला शरीरसंबंध. तरुण विद्यार्थ्यांच्या ठायी तो केवळ माहितीने रुजत नाही. गुप्ततेची हमी, साधनांची सुलभता आणि सहचारिणीशी मोकळेपणाने बोलण्याची सवय यांचीही त्यास तितकीच आवश्यकता असते.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात या विषयाची शास्त्रीय चर्चा रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी निर्भयपणे केली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, १९२७ पासून मृत्यूपावेतो ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले आणि त्यापायी अश्लीलतेचे खटलेही सोसले. केंद्र सरकारने १९६८ मध्ये ‘निरोध’ हा कंडोम अल्प दरात बाजारात आणला. तथापि २००७ मध्ये शालेय लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम विरोधामुळे राज्यात थांबला.

परिणाम करणारे घटक : उदाहरणार्थ, सप्तशृंगगडाजवळचे, दिंडोरी तालुक्यातील वणी हे बाजारपेठेचे गाव. अशा गावी औषधविक्रेता बहुधा वडिलांच्या परिचयाचा असतो; मग दुकानातील गिऱ्हाइके पांगेपर्यंत ताटकळलेला विद्यार्थी निरोध न मागता डोकेदुखीची गोळी घेऊन परततो, आणि ही भीड अज्ञानाइतकीच घातक ठरते. मित्रांच्या बढाया, मोबाइलवरील अश्लील चित्रफिती, मद्यप्राशन, निरोध वापरणे म्हणजे अविश्वास दाखविणे हा गैरसमज आणि गर्भधारणेची चिंता स्त्रीवर सोपविणारी पुरुषत्वाची कल्पना हे अन्य घटक होत. पाकिटात महिनोन्‌महिने बाळगलेला किंवा तेल लावलेला लॅटेक्सचा निरोध फाटू शकतो, ही साधी गोष्टही उघडपणे सांगितली जात नाही.

उपाययोजना : किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांतील ‘मैत्री’ क्लिनिके, एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रे आणि १०९७ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. एचआयव्हीविषयक २०१७ च्या कायद्याने चाचणीस संमती व माहितीची गोपनीयता बंधनकारक केली आहे, तर २०१२ च्या पॉक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्यान्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य नाही. महाविद्यालयांनी हे सारे प्रवेशाच्या वेळीच सांगावे आणि साधने कोणाच्या नजरेस न पडता घेता येतील अशी तजवीज करावी. विद्यार्थ्याला लज्जित करून त्याचे रक्षण होत नाही.