पल्ला आणि मुक्काम

नळदुर्ग म्हटलं की लोकांना किल्ला आठवतो, पाणीमहाल आठवतो, पावसाळ्यात नर-मादी धबधब्यांपुढची गर्दी आठवते. मला मात्र आमचं गाव आठवतं ते रस्त्यावरचं गाव म्हणून. सोलापूरहून हैदराबादकडे निघालं की साधारण 45 किलोमीटरवर आम्ही लागतो. आज ज्याला त्याला पुढं जायची घाई असते, पण कित्येक शतकं इथं लोक थांबत आले. त्यात घरदार बरोबर घेऊन फिरणारेही असायचे. आज त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

निमित्त झालं आमच्या भाच्याचं. तो इंग्लंडात असतो. त्यानं गाडीमागं जोडायची कॅरव्हॅन घेतली. म्हणजे चाकांवरचं एक छोटं घर: झोपायला, स्वयंपाकाला, तोंड धुवायला, सगळं आत. ते ओढत समुद्र ओलांडून जर्मनीत डोंगरांपर्यंत जायचा बेत. प्रवासाचा तक्ता त्यानं मला पाठवला. आम्ही दोघंही तक्तेवाले, घरचे आम्हाला हसतात.

तक्ता बघून पहिलं आश्चर्य वाटलं ते वेगाचं. कॅलेपासून म्युनिकपर्यंतचं अंतर साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास. नुसती मोटार असती तर पहाटे निघून रात्री पोचता आलं असतं. यानं चार दिवस धरले होते! कारण मागं घर आहे. ब्रिटनमध्ये मोटरवेवर मोटारीला ताशी 70 मैल चालतात, मागं कॅरव्हॅन असली तर 60, आणि तीनपदरी रस्त्यावर सगळ्यात वेगवान पट्ट्यात जायला बंदी. जर्मनीत अशा जोडगाडीला साधारणपणे ताशी 80 किलोमीटर, वेगळी मंजुरी घेतली तर 100.

दुसरी गंमत वजनाची. नवशिक्यानं भरलेल्या कॅरव्हॅनचं वजन ओढणाऱ्या मोटारीच्या 85 टक्क्यांवर जाऊ देऊ नये, असा तिथला सल्ला. शिवाय जोडणीच्या आकड्यावर कॅरव्हॅनच्या वजनाचा 5 ते 7 टक्के भार पडला पाहिजे. मागं जड झालं की वेगात ती सापासारखी वळवळते आणि मोटारीलाही घेऊन जाते. हे वाचून मला आमच्याकडची बैलगाडी आठवली. गाडी मागून जड झाली की आपण म्हणतो 'उलाळ झाली', पुढून जड झाली की जू बैलांच्या मानेवर बसतं. गाडीवान डोळ्यानं बघूनच पोतं दोन हात पुढं सरकवायचा. शास्त्र तेच, तिकडं त्याची टक्केवारी केली इतकंच.

पण तक्त्यातला खरा मजकूर अंतराचा किंवा वजनाचा नव्हताच. दहा रकान्यांपैकी सात रकाने मुक्कामाचे होते. रात्री कुठं थांबायचं, जागा आधी राखून ठेवलीय का, पाणी भरता येईल का, सांडपाणी कुठं ओतायचं, संध्याकाळी किती वाजता फाटक बंद होतं... आणि मला वाटलं, हा तक्ता आपण कुठंतरी आधी वाचलाय.

कुठं, तर इतिहासात.

अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त बादशाही छावणी हलवायला काय लागायचं ते नोंदवून ठेवलंय: 100 हत्ती, 500 उंट, 400 गाड्या आणि 100 हमाल. शिवाय तंबू ठोकणारे फर्राश 1000 आणि पखालवाले 100. यातली युक्ती म्हणजे पेशखाना. तंबूंचे दोन संच असायचे. बादशहा आज एका मुक्कामावर, तेव्हा दुसरा संच पुढच्या मुक्कामावर उभा राहत असायचा. औरंगजेबाबरोबर काश्मीरला गेलेल्या बर्निए या फ्रेंच वैद्यानंही याचं वर्णन केलंय. तोच औरंगजेब पुढं 1695 ते 1699 शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, भीमेकाठी माचणूरजवळच्या ब्रह्मपुरीला तळ देऊन बसला होता.

इंग्रज अधिकाऱ्यांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली. नळदुर्गला त्याचं एक उदाहरण राहून गेलंय. 1853 मध्ये निजामानं आपल्या राज्याचे काही प्रांत इंग्रजांच्या हवाली केले, त्यात हा भाग होता. त्याचा कारभार पाहायला आला फिलिप मेडोज टेलर. हा गृहस्थ लिव्हरपूलमध्ये जन्मला आणि 1824 मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, मुंबईत उतरला. ठगांवरची त्याची 1839 ची कादंबरी विलायतेत गाजली. 1863 मधली 'तारा' ही कादंबरी तर आमच्या तुळजापूरच्या परिसरातली. 1857 पर्यंत त्याचं ठाणं नळदुर्ग होतं. तेव्हाच्या अशा साहेबांचं निम्मं काम दौऱ्यावर चाले. थंडीचे महिने आले की तंबू, टेबलं, खुर्च्या, दप्तर, भांडी, सगळं गाड्यांवर आणि उंटांवर चढवायचं आणि गावोगाव मुक्काम करत फिरायचं. इथंही तंबूंचे दोन संच. साहेब सकाळी उठून घोड्यावर निघाला की पुढच्या गावी आंब्याच्या झाडाखाली न्याहारी तयार!

हे वाचताना मौज वाटते खरी. पण ते घर ओढत कोण होतं? खलाशी, गाडीवान, आणि वाटेवरच्या गावांतून सरकारी कामासाठी धरलेले बैल आणि माणसं. आपल्याकडे त्याला शब्द आहे, वेठ. साहेबाच्या मुक्कामाचा तक्ता पाटलाला आधी कळवला जायचा. पाणी, चारा, सरपण गावानं पुरवायचं. मुक्कामाची परवानगी साहेबानं कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता.

याच रस्त्यांवर घर घेऊन फिरणारे दुसरेही लोक होते आणि ते स्वतःचं घर स्वतःच वाहायचे. बंजारे. पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला 1632 मध्ये आग्र्याहून पाटण्याला जाताना धान्य लादलेल्या 14,000 बैलांचा एक तांडा भेटला. बरोबर बायका-मुलं, सगळा संसार. दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त चालत नाहीत आणि तेही उन्हं चढायच्या आत, असं त्यानं लिहून ठेवलंय. दहा-अकरा किलोमीटर! त्या चालीनं नळदुर्गहून सोलापूरला जायचं तर वाटेत चार मुक्काम.

ही चाल आळशीपणाची नव्हती. बैलाला चरायला वेळ लागतो. चरला तरच तो दुसऱ्या दिवशी गोणी उचलणार. म्हणजे ही वाहतूक गवतावर चालायची, आणि गवत कुठं, पाणवठा कुठं, कुठल्या गावाला बैल सोडलेले चालतात, हे नायकाच्या डोक्यात पक्कं असायचं. त्याचा तक्ता कागदावर नव्हता एवढंच. मोगलांच्या फौजा या तांड्यांवर जेवल्या, 1803 च्या लढायांत वेलस्लीची फौजही जेवली.

मग 1860 मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली. मीठ आणि धान्य डब्यांतून जायला लागलं. लदणीचा धंदा हळूहळू बसला आणि तांडे एका जागी स्थिरावायला लागले. आमच्या तालुक्यात आज गावांच्या नावांपुढं जो 'तांडा' लागतो, तो असा थांबलेला तांडा. चालण्याचा शब्द वस्तीचं नाव होऊन बसला.

त्यापुढची गोष्ट सुखाची नाही. 1871 मध्ये इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुरुवातीला तो उत्तरेत होता, पुढं सगळीकडे पसरला. घर पाठीवर घेऊन फिरणाऱ्या कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्या. हजेरी लावायची, परवान्याशिवाय हलायचं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोलापुरात अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत झाली. त्या भागाला लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात. 31 ऑगस्ट 1952 ला हे लोक कायद्यानं मोकळे झाले, म्हणून 'विमुक्त'.

आता याच काळात तिकडं विलायतेत काय चाललं होतं ते बघा. 1885 मध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त आरमारी डॉक्टरनं केवळ हौस म्हणून एक चाकांवरचं घर बांधून घेतलं. नाव ठेवलं 'वाँडरर', म्हणजे भटक्या! जवळजवळ दोन टन वजन, ओढायला दोन घोडे. त्यात बसून तो इंग्लंडातून थेट स्कॉटलंडच्या उत्तरेला इन्व्हर्नेसपर्यंत गेला. त्याचा नोकर तीनचाकी सायकलवर पुढं जाऊन रस्ता बघून यायचा आणि रात्रीची सोय लावायचा. पेशखानाच तो, फक्त सायकलवरचा. हौशी लोकांचा कॅरव्हॅन क्लब 1907 मध्ये निघाला आणि 1919 पासून मोटारीमागं जोडायच्या कॅरव्हॅन तयार व्हायला लागल्या. भाच्याची गाडी या वंशातली.

आणि स्टेबल्स हौसेनं फिरत होता त्याच दशकात इंग्लंडमध्ये जिप्सींच्या गाड्यांची नोंदणी करा, तपासणी करा, असा कायदा आणण्याची खटपट चालू होती. तो मंजूर झाला नाही. 1968 मध्ये उलट असा कायदा झाला की जिप्सींसाठी तळाच्या जागा स्थानिक संस्थांनी पुरवाव्यात. 1994 मध्ये ती सक्ती काढून टाकली.

म्हणजे दोघांच्याही मागं घर. दोघंही संध्याकाळी पाणी आणि सपाट जागा शोधणार. एकाला पावती मिळते, दुसऱ्याला पोलीस उठवतात. मला वाटतं, सहल आणि भटकणं यांतला फरक चालण्यात नाहीच. तो थांबण्यात आहे. रात्रीच्या मुक्कामाला ज्याची जागा पक्की, त्याचा प्रवास. ज्याची नाही, त्याची फरफट. भाच्याचे ते सात रकाने म्हणूनच इतके मोलाचे. त्यानं ते पैसे देऊन, फोन करून भरले. तसे ते भरता येणं हीच खरी श्रीमंती, कॅरव्हॅन नव्हे.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या हमरस्त्यावर उभे राहा. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यात पत्रे, बांबू, पाण्याची पिंपं, चूल, कोंबड्यांची खुराडी, शेळ्या, वर गोधड्यांवर बसलेली पोरं. ऊसतोडीला निघालेली माणसं. त्यांत तांड्यावरचीही पुष्कळ, ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी हेच रस्ते बैलांसह तुडवले. हंगाम संपेपर्यंत फडाजवळच्या कोपीत संसार. कारखाना कुठला, मुक्काम कुठला, किती दिवसांचा, हे मुकादम ठरवतो, कारण उचल त्याच्याकडून घेतलेली असते. पोरांच्या शाळेला या तक्त्यात रकाना नसतो. काही ठिकाणी साखरशाळा निघाल्या, काही गावांत मुलांना मागं ठेवून घ्यायला हंगामी वसतिगृहं झाली, तरी ट्रॉलीत पोरं दिसतातच.

ती ट्रॉली उलाळ होऊ नये म्हणून पत्रे पुढं आणि हलकं सामान मागं, हे मात्र आजही कुणी सांगावं लागत नाही. ते ज्ञान कुठं गेलेलं नाही. मुक्काम तेवढा अजून दुसऱ्याच्या हातात आहे.