टोमॅटोचे कलम, लवणसहनशीलतेसाठी

खारवट जमिनीत तग धरणाऱ्या खुंटरोपावर हव्या त्या वाणाचा शेंडा जोडून टोमॅटोची रोपे तयार करण्याची पद्धत. भाजीपाल्यातील कलमांची व्यापारी सुरुवात १९२० च्या दशकाच्या अखेरीस जपान व कोरियात मर रोगाविरुद्ध कलिंगडावर झाली, टोमॅटोत ती नंतर आली (पहा : कलमे, कलिंगड).

मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत् संवाहकता मीटरला सुमारे २.५ डेसिसीमेन्सपुढे गेली, की टोमॅटोचे उत्पादन घटू लागते. योग्य खुंटाची मुळे सोडियम स्वतःपाशी अडवून पानांपर्यंत कमी पोहोचू देतात आणि पोटॅशियमचे शोषण टिकवतात. खुंटासाठी बहुधा टोमॅटो व सोलॅनम हॅब्रोकाइटिस या रानटी जातीचे संकर वापरतात (पहा : टोमॅटो, लवणता, जमिनीची).

दोन ते चार पानांच्या, सारख्या जाडीच्या रोपांना तिरका काप देऊन ती सिलिकॉनच्या चिमट्याने जोडतात. जोड सांधेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, रोपे मंद उजेडात व दमट हवेत ठेवावी लागतात. लावणीत जोड मातीच्या वर राहणे अत्यावश्यक असते. तो गाडला गेल्यास शेंड्याला स्वतःची मुळे फुटून खुंटाचा उपयोग संपतो.

स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यासारख्या खारे पाणी वापरणाऱ्या भागांत या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. सांगली-कोल्हापूरकडील क्षारपड जमिनीत मात्र पाणी साचण्याची समस्याही असल्याने तेथे कलमाआधी निचरा हवा (पहा : निचरा).