पहाटे तीनचा फोन

झ्बिग्नीव ब्रेझिन्स्की हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. एका रात्री तीनच्या सुमारास त्यांचे लष्करी साहाय्यक विल्यम ओडम यांनी त्यांना फोन करून उठवले आणि सोव्हिएत संघाने दोनशेहून अधिक क्षेपणास्त्रे सोडल्याचे सांगितले. राष्ट्राध्यक्षांना उठवण्याआधी खात्री करा, असे ब्रेझिन्स्की म्हणाले. दुसऱ्या फोनमध्ये आकडा २,२०० वर गेला. ब्रेझिन्स्की कार्टरना फोन लावणार, त्याच्या मिनिटभर आधी ओडमचा तिसरा फोन आला. इतर कोणतीही इशारा यंत्रणा दुजोरा देत नव्हती. कोणीतरी लष्करी सरावाच्या फिती चुकून संगणकात चढवल्या होत्या.

ही हकिकत ब्रेझिन्स्कींच्या कार्यालयात काम केलेल्या रॉबर्ट गेट्स यांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आहे. पुढे अनेक लेखकांनी ती उचलली आणि तिला बहुधा ९ नोव्हेंबर १९७९ ही तारीख चिकटवली. या तारखेविषयी शंका घेणारा मी पहिला नव्हे. पण ती शंका कोणत्या कागदांवर उभी राहते, हे एकदा क्रमाने पाहण्यासारखे आहे.

आधी साधनांची प्रत ठरवू. गेट्स यांची हकिकत ऐकीव आहे. ब्रेझिन्स्कींनी आपल्याला ती सांगितली, असे तेच लिहितात. घटना आणि पुस्तक यांत सोळा-सतरा वर्षांचे अंतर आहे. आपल्याकडच्या परिभाषेत बोलायचे तर ही बखर आहे. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा पानिपतच्या बखरी समकालीन पत्रांशी ताडून पाहिल्या आणि त्यांतले घोटाळे दाखवले. बखर टाकून द्यायची नसते, पण तिच्यातली तारीख आणि आकडे पत्राने तपासल्याशिवाय घ्यायचेही नसतात. सुदैवाने इथे अस्सल कागद उपलब्ध आहेत. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर आणि गॅरी हार्ट यांनी ऑक्टोबर १९८० मध्ये सिनेटच्या सशस्त्र सेना समितीला या खोट्या इशाऱ्यांवर अहवाल दिला. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल १९८१ मध्ये आला. शिवाय माहितीच्या कायद्याखाली खुली झालेली संरक्षण आणि परराष्ट्र खात्यांची टिपणे आहेत. त्यांचा मोठा भाग वॉशिंग्टनच्या नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह या संस्थेने २०१२ साली प्रसिद्ध केला.

या कागदांप्रमाणे ९ नोव्हेंबर १९७९ ला काय घडले? वार शुक्रवार. तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीचा ताबा जाऊन पाच दिवस झाले होते. कोलोरॅडोमधल्या शायेन पर्वताच्या पोटात ‘नोराड’ या उत्तर अमेरिकी हवाई संरक्षण दलाचे केंद्र होते. उपग्रह आणि रडार यांच्याकडून येणारी माहिती तिथे गोळा होई आणि पुढे तीन ठिकाणी जाई: पेंटागॉनमधील राष्ट्रीय लष्करी नियंत्रण कक्ष, फोर्ट रिचीचे पर्यायी केंद्र आणि नेब्रास्कातल्या ऑफट तळावरचे सामरिक हवाई दलाचे मुख्यालय. त्या दिवशी या सर्व ठिकाणच्या पडद्यांवर एकाच वेळी सोव्हिएत संघाचा पूर्ण ताकदीचा हल्ला उमटला. लढाऊ विमाने आकाशात झेपावली. राष्ट्राध्यक्षांसाठी राखीव असलेले आपत्कालीन हवाई आदेश केंद्रही उडाले, राष्ट्राध्यक्षांना न घेताच. अधिकाऱ्यांनी उपग्रह आणि रडार केंद्रांशी थेट संपर्क साधला, तेव्हा कोणालाही काहीच दिसत नसल्याचे कळले. काही मिनिटांत प्रकरण मिटले.

आता वेळ पाहा. अहवालांत ती स्पष्ट नोंदली आहे: कोलोरॅडोत सकाळचे ८ वाजून ५० मिनिटे, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये १० वाजून ५० मिनिटे. कामाच्या दिवशी पावणेअकराला राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराला झोपेतून उठवण्याचा प्रश्न येत नाही. एवढ्या एका नोंदीने ९ नोव्हेंबर ही तारीख डळमळते.

मग फोन काल्पनिक होता का? इतकी घाई नको. त्याच कागदांत दुसरी एक रात्र आहे.

मंगळवार, ३ जून १९८०. वॉशिंग्टनच्या घड्याळात पहाटेचे सुमारे २ वाजून २६ मिनिटे. ऑफट तळावरच्या पडद्यावर पाणबुडीतून सुटलेली दोन क्षेपणास्त्रे दिसली. अठरा सेकंदांनी संख्या वाढली. सामरिक हवाई दलाने बाँबफेकी विमानांच्या चमूंना विमानांत बसून इंजिने सुरू करण्याचा आदेश दिला. थोड्या वेळाने पडदा कोरा झाला आणि मग जमिनीवरून सुटलेली क्षेपणास्त्रे दिसू लागली. पेंटागॉनच्या पडद्यावर वेगळेच आकडे होते. हवाईमधून पॅसिफिक विभागाचे हवाई आदेश केंद्र उडाले. पण नोराडच्या स्वतःच्या पडद्यांवर यातले काहीच नव्हते.

सगळा उलगडा या विसंगतीतून होतो. नोव्हेंबरमध्ये सरावाची खोटी माहिती नोराडच्या संगणकातच शिरली होती, म्हणून ती सगळीकडे सारखी दिसली. जूनमध्ये नोराडचा संगणक ठीक होता. बिघाड होता तो त्याच्याकडून बाहेर संदेश पाठवणाऱ्या दळणवळण यंत्रात. दोष पकडता यावा म्हणून तीच जुळणी चालू ठेवली गेली आणि शुक्रवारी, ६ जूनला दुपारी तोच प्रकार पुन्हा घडला. पुन्हा इंजिने सुरू झाली. शोध अखेर एका चिपपाशी थांबला. तिची किंमत ४६ सेंट होती.

ही चिप काय करत होती, याचे वर्णन मी दोनदा वाचले, कारण आपला पुरावा तिथेच आहे. जोडणी शाबूत आहे की नाही हे कळावे म्हणून नोराडकडून बाहेरच्या केंद्रांना अखंड चाचणी-संदेश जात असत. त्यांचा साचा खऱ्या हल्ल्याच्या संदेशाचाच असे. फक्त क्षेपणास्त्रांच्या संख्येच्या जागी शून्ये भरलेली असत. चिप बिघडली आणि काही शून्यांच्या जागी २ हा अंक पडू लागला. कधी एका घरात, कधी दोन घरांत. वाटेत संदेश बदलला आहे का, हे तपासण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. ती नंतर बसवली गेली.

आता गेट्स यांच्या हकिकतीतला दुसरा आकडा पुन्हा वाचा. २,२००. दोनदा २ आणि दोन शून्ये. ९ नोव्हेंबरच्या सरावी हल्ल्यात नेमका हाच आकडा येणे अशक्य नाही, त्यामुळे निव्वळ अंकांवर निकाल देता येणार नाही. पण जूनच्या बिघाडाने जे आकडे निर्माण होऊ शकत होते, त्यांच्या साच्यात तो अचूक बसतो. पहिल्या फोनमधली संख्या दोनशेच्या घरातली, दुसऱ्यातली तिच्या जवळजवळ दसपट. एखादे घर मध्येच बदलले की अशी उडी दिसणारच. कागदांवरची वेळही जुळते: २ वाजून २६ मिनिटांनंतरचा फोन आठवणीत ‘पहाटे तीन’ होणे अगदी स्वाभाविक आहे. इतर यंत्रणा दुजोरा देत नाहीत, हा तिसऱ्या फोनचा मजकूर दोन्ही तारखांना लागू पडतो, म्हणून तो बाजूला ठेवू.

विरुद्ध बाजूला उरतात त्या सरावाच्या फिती. गेट्स त्यांचा स्पष्ट उल्लेख करतात आणि फिती नोव्हेंबरच्याच. जूनमध्ये फितीचा काही संबंध नव्हता. याचा एक खुलासा माझ्यापुढे आहे, आणि तो तर्क आहे हे आधीच सांगतो. गेट्स ब्रेझिन्स्कींच्या कार्यालयात होते आणि १९७९ च्या अखेरीस सीआयएमध्ये परतले. नोव्हेंबरचा गोंधळ त्यांनी आतून अनुभवला असणार. जूनचा त्यांच्या कानावर आला असणार. अनेक वर्षांनंतर लिहिताना जूनच्या फोनला नोव्हेंबरचे कारण जोडले गेले असावे. वृत्तपत्रांनीही ‘चुकीची फीत’ हेच कारण लोकांच्या मनात रुजवले होते.

गंमत अशी की नोव्हेंबरपुरतेही ते कारण पूर्ण टिकत नाही. कोणा तंत्रज्ञाच्या चुकीने फीत लागली, ही सुरुवातीची आवृत्ती. स्कॉट सेगन यांनी १९९३ च्या ‘द लिमिट्स ऑफ सेफ्टी’ या अभ्यासात दाखवले की चाचणी आज्ञावलीतली माहिती थेट इशारा जाळ्यात कशी शिरली, ते नोराडला पुन्हा घडवून दाखवता आले नाही. निश्चित एवढेच की आज्ञावलीच्या चाचण्या चालू यंत्रणेवरच होत होत्या. वेगळी जागा नव्हती. ती कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये नंतर १.६ कोटी डॉलर खर्चून उभारण्यात आली. ४६ सेंटची चिप सगळ्यांच्या लक्षात राहते; मला हा दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो.

कागदांतला आणखी एक धागा मॉस्कोचा. १४ नोव्हेंबर १९७९ ला सोव्हिएत राजदूत दोब्रीनिन यांनी सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांचा निरोप वॉशिंग्टनला पोहोचवला: अशी चूक अत्यंत धोकादायक आहे आणि या बाबतीत चुकांना जागा असता कामा नये. उत्तराचा जो मसुदा तयार झाला, तो विनाकारण अपमानकारक असल्याचे परराष्ट्र खात्यातले सोव्हिएत तज्ज्ञ मार्शल शुलमन यांनी लिहून ठेवले. त्याच टिपणात ते म्हणतात की असे खोटे इशारे विरळा नाहीत. संरक्षणमंत्री हॅरोल्ड ब्राउन यांचा सूर वेगळा आहे. जून १९८० मध्ये त्यांनी कार्टरना कळवले की यंत्रांची माहिती वाचणारी माणसे मध्ये असल्याने माघारी न घेता येणारे पाऊल पडण्याची शक्यता नाही. दोन्ही टिपणे समकालीन आणि दोन्ही जबाबदार माणसांची आहेत. त्यांतल्या एकालाही खोटे म्हणता येत नाही.

ब्राउन यांच्या म्हणण्याला कार्यपद्धतीचा आधार होता. इशाऱ्यानंतर अधिकाऱ्यांच्या दूरध्वनी परिषदा तीन पायऱ्यांनी चढत. पहिली नेहमीची, दुसरी धोक्याचे मूल्यमापन करणारी, तिसरी हल्ला होत असल्याचे गृहीत धरून राष्ट्राध्यक्षांना सामील करणारी. ९ नोव्हेंबर आणि ३ जून, दोन्ही वेळी प्रकरण दुसऱ्या पायरीवर थांबले. ब्रेझिन्स्कींनी कार्टरना फोन केला नाही, ही गेट्स यांची माहिती त्यामुळे कागदांशी सुसंगत ठरते.

तेव्हा हिशेब असा मांडता येतो. दोन स्वतंत्र घटना आणि त्यांच्या वेळा निश्चित. फोन ९ नोव्हेंबरचा नव्हता, हे वेळेवरून जवळजवळ निश्चित. तो ३ जूनचा होता हे अनुमान. त्याला वेळेचा आणि अंकांचा आधार, पण त्या संभाषणाच्या समकालीन नोंदीचा नाही. फितींचे कारण हकिकतीत कसे आले, हा केवळ तर्क. आणि या हकिकतीतला सर्वांत जास्त सांगितला जाणारा तपशील, की अर्ध्या तासात सगळेच मरणार असे समजून ब्रेझिन्स्कींनी झोपलेल्या पत्नीला उठवले नाही, तो या अहवालांच्या कक्षेत येतच नाही. तो गेट्स यांच्या नावावर नोंदवून पुढे जावे लागते.