परक्या भाषेतला वर्ग

विद्यार्थी शिकवण्याला दाद देत नाही, तेव्हा त्याचे कारण आपण बहुधा त्याच्या स्वभावात शोधतो. आळशी, उद्धट, मठ्ठ ही विशेषणे वर्गात तयारच असतात. मराठवाड्याचा शैक्षणिक इतिहास मात्र या निदानाविषयी शंका घ्यायला लावतो, असे आम्हांस वाटते.

उदगीर आज लातूर जिल्ह्यात असले, तरी 1956 पर्यंत ते हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होते. मराठी, कन्नड, उर्दू अशा भाषा शेजारी नांदणारा हा मुलूख. निजामी अमलात सरकारी माध्यमिक शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते. घरी मराठी बोलणारा मुलगा इतिहास आणि गणित उर्दूतून शिके. न समजलेलेही पाठ करता येते. म्हणून तो पाठ करी. घोकंपट्टी ही त्याची शिकण्याची शैली नव्हती. शिकवण्याच्या रीतीने त्याच्यापुढे ठेवलेली ती एकच वाट होती.

येथे उर्दूला दोष देणे सोपे, पण अन्यायाचे ठरेल. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने इंग्रजीऐवजी देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे धाडस केले. परंतु उर्दू भाषकाला मोकळे करणारा हाच प्रयोग मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलांना परका राहिला.

1938 साली याच विद्यापीठात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून संघर्ष झाला. विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच. तात्कालिक कारण वसतिगृहातील प्रार्थनेचे होते, माध्यमाचे नव्हे. तरीही आपला आवाज या संस्थेत मावत नाही, ही जाणीव त्यामागे होती, असा अर्थ लावण्यास जागा आहे.

याच काळात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ शिकवीत होते. त्यांचे विद्यार्थी शिक्षकाविरुद्ध नव्हे, तर शिक्षकाबरोबर मुक्तिसंग्रामात उतरले. ज्या पिढीने एका वर्गाशी झगडा केला, तिनेच दुसऱ्या वर्गावर निष्ठा ठेवली. फरक मुलांच्या स्वभावात नव्हता.

अलीकडे ‘दृश्य’, ‘श्राव्य’ अशा शिक्षणशैलींत मुलांची वाटणी करण्याची पद्धत आहे. हॅरल्ड पॅशलर व सहकाऱ्यांनी 2008 साली घेतलेल्या आढाव्यात अशा जुळवणीला पुरेसा पुरावा आढळला नाही. पण मूल कोणत्या भाषेतून विचार करते, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

एप्रिल 2022 मध्ये उदगीरला 95 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. एके काळी वर्गाबाहेर राहिलेल्या भाषेचा तो गौरव होता. मात्र याच परिसरातल्या तांड्यावरून गोरमाटी बोलत किंवा घरी दखनी बोलत येणाऱ्या मुलापुढे आज आपली प्रमाण मराठी उभी आहे. तो वर्गात गप्प बसतो. त्या गप्प बसण्याला आपण काय नाव देतो, यावर आपण या इतिहासातून काय शिकलो ते ठरेल.