रांग लावतो कोण?



माझें उभें आयुष्य शाळेंत मुलांच्या रांगा लावण्यांत गेलें. हुकुमावांचून रांग लागत नाहीं, अशी माझी पक्की समजूत होती. विज्ञानाच्या इतिहासांतील एका प्रकरणानें तिला धक्का दिला. तेंच आज सांगणार आहें.

१९३५ सालीं अमेरिकेंत वेंडेल स्टॅन्ली यांनीं तंबाखूच्या पानांवर रोग पाडणारा विषाणु सुईसारख्या स्फटिकांच्या रूपांत वेगळा केला. पुढील वर्षीं इंग्लंडांत बॉडेन, पिरी, बर्नाल व फॅनकुचेन यांस दिसून आलें कीं, त्याचें शुद्ध द्रावण स्थिर ठेवलें म्हणजे त्याचे दोन थर होतात. विषाणूचा आकार सरळ काडीचा. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले, तर त्याची लांबी ३०० भाग व जाडी १८ भाग भरते. वरच्या विरळ थरांत ह्या काड्या वाटेल तशा पसरलेल्या असतात. खालच्या दाट थरांत मात्र साऱ्या एका दिशेनें! आणि तो थर तर द्रवच असतो.

ही शिस्त आली कोठून? १९४९ सालीं लार्स ऑन्सागर यांनीं गणितानें उत्तर दिलें. काड्यांत परस्पर आकर्षण मुळींच नसलें तरी चालतें. गर्दी वाढली कीं आडव्यातिडव्या काड्या एकमेकींची वाट अडवितात. सर्वांनीं एक दिशा धरली, तर वळण्याची मोकळीक जाते. पण सरकण्याची मोकळीक त्याहून अधिक मिळते. ह्या सौद्यांत लाभ असल्यानें रांग आपोआप लागते.

१९५४ सालीं जपानांत असाकुरा व ओसावा यांनीं पुढचें पाऊल टाकलें. त्याच द्रवांत लांब रेणूंचीं लहान वेटोळीं सोडलीं, तर त्यांना कणाच्या अगदीं लगत जातां येत नाहीं. दोन कण एकमेकांस टेकले, कीं त्यांच्याभोंवतींची ही वर्ज्य जागा कमी होते आणि वेटोळ्यांना हिंडावयास अधिक जागा सांपडते. सारांश, भोंवतालची गर्दीच कणांना जवळ लोटते.

२०१० सालीं अमेरिकेंतील ब्रँडाइस विद्यापीठांत एडवर्ड बॅरी व झ्वोनिमिर डोजिक यांनीं हे दोन्ही विचार एकत्र आणले. जंतूंना बाधणारा ‘एफ्-डी’ नांवाचा विषाणु त्यांनीं घेतला. लांबी ८८० भाग, जाडी अवघी सुमारें ७. द्रवांत डेक्स्ट्रन मिसळतांच काड्या शेजारीं शेजारीं उभ्या राहून, एका काडीइतक्याच जाडीचा पडदा तयार झाला. डेक्स्ट्रन फार झालें, तर पडदे एकावर एक रचले जातात. बेताचें असलें, तर सुटे राहतात. कारण प्रत्येक काडी जागच्या जागीं किंचित् वरखालीं होत असते, आणि समोरचा पडदा चिकटला तर ती हालचाल खुंटेल.

मुलांच्या रांगा मोडत तेव्हां मी छडी शोधीत असें. त्यांना हालावयास जागा आहे कीं नाहीं, हें मात्र मीं कधीं पाहिलें नाहीं. त्या निर्जीवप्राय काड्यांनीं उतारवयांत मला हा धडा दिला, एवढें सांगून आपली रजा घेतों.